नाव कळले नाही

हेळवाकच्या वर, घाटाच्या दुसऱ्या वळणाला
आडवा पडलेला हिरडा. त्याच्या कुशीला
एकावर एक पाच फळ्या,
सामान ठेवायच्या बेतानं कुणी ठोकल्या
आणि मग सामानच आलं नाही, अशा.
वरून चहाच्या डागांची वलयं,
खालून पांढरं. अंगठा टेकवला
तर तपकिरी ठसा उमटला, आणि गेलाच नाही.

बिरू झोरे म्हणाला, ‘मॅडम, त्येला काय नाव असतंय?
लाकडानं दम सोडला की ह्ये येतंय.’
कोयत्याच्या टोकानं एक फळी
सालीसकट सोडवून दिली त्यानं,
पोटरीवरची जळू न बघता झटकत.

पाटणच्या एसटीत मांडीवर वर्तमानपत्राची पुडी.
शेजारची बाई वाकून:
‘फणसांबा का? पोराची लाळ लई गळती काय?
सहाणेवर उगाळून द्या.’
नाही, म्हटलं, हा दुसरा.
‘दुसरा म्हंजी कोणचा?’
तेच तर बघायचं होतं.

ब्लेडनं पातळ काप. कॉस्टिकचा थेंब: काळं.
आयोडीनचा थेंब: काही नाही.
मिलिमीटरला छिद्रं सहा, कधी सात.
तीस बीजाणू मोजले, एक डोळा मिटून,
दुसऱ्याला पाणी येईतो.
पुस्तक म्हणालं, छिद्रं गोल असतील तर बावीसवर जा.
बावीसनं एकतिसावर धाडलं,
एकतीसनं जावा बेटावर नेऊन सोडलं.
जावा. मग ब्रह्मदेश.
त्याच्या अलीकडं, आपल्या बाजूला, कोरं.

पुण्याच्या कानिटकर सरांचं उत्तर दोन ओळींचं:
‘भारतातून नोंद दिसत नाही.
घाई करू नका. पुन्हा मोजा.’

पुन्हा मोजले.
त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला बोलू.
‘भारतातील पहिली नोंद’ या तीन शब्दांखाली
माझं नाव कसं दिसेल
ते छतावर लिहून पाहत होते.
आडनाव आधी, की नंतर.

सकाळी तुलनेला काही मिळेल म्हणून
कॉलेजचं जुनं कपाट उघडलं.
डांबराच्या गोळ्या, झाकणं हरवलेल्या बाटल्या,
गेंडूळ ठेवलेली बरणी, आता फक्त बरणी,
आणि सगळ्यात खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत कापूस. कापसात
चहाच्या डागांची वलयं.
उलटं केलं. पांढरं पिवळसर झालेलं,
त्यावर एक अंगठा.
तपकिरी.

चिठ्ठी टाकाच्या शाईची:
‘कोयनानगर. भूकंपात पडलेल्या घराची तुळई. हिरडा.
ऑगस्ट १९६९. दि. बा. सुतार, प्रयोगशाळा परिचर.
नाव कळले नाही.’

लाकडापुढं प्रश्नचिन्ह नव्हतं.
दीड वर्ष पावसात कुजलेली तुळई
सुताराच्या हाताला ओळखू आली होती.
त्या वर्षीच्या नोंदवहीत तो एकदाच सापडला:
‘परीक्षानळी फुटली. सुतार यांचे पगारातून
एक रुपया दहा पैसे वजा.’
बाकी कुठं नाही. ऑफिसात कुणाला आठवत नाही.
त्यानं हे कुणाला दाखवलं असेल?
दाखवलं तर ते काय म्हणाले असतील?

केसाएवढा काप घेतला. तीस बीजाणू.
पन्नासच्या वर वर्षं डब्यात राहूनही
त्यांनी मापात काडीचा फरक केला नव्हता.

सरांना लिहिलं, पहिली नोंद माझी नाही,
मला फक्त नाव कळलं.
छापील फॉर्मात ‘संग्राहक’ला एकच रेघ होती.
तिच्यावर सुतार लिहिला,
झोरे समासात, जरा तिरका.

डबा बंद करताना वाटलं,
आपला अंगठा त्या ठशावर ठेवून बघावा, बसतो का.
ठेवला नाही.
नमुन्याला विनाकारण हात लावायचा नसतो,
हे पोरांना मीच दर वर्षी सांगते.